विटेचा शेक

टाच दुखायला लागली की माणसाला कळतं, आपल्या ओळखीत किती डॉक्टर आहेत ते. मला तर स्टाफरूम भरून मिळाले. गणिताचे रामलिंग सर म्हणाले, "युरिक अ‍ॅसिड हाय मॅडम, तूरडाळ बंद करा." नांदेडात राहून तूरडाळ बंद करायची म्हणजे जेवायचं काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याला ते दुखणं होतं. अधूनमधून अंगठा लाल होऊन फुगायचा, मग ते एका पायात बूट आणि एका पायात स्लीपर घालून शाळेत यायचे. त्यामुळं जगात ज्याचा ज्याचा पाय दुखतो त्याला आपलंच दुखणं झालंय, अशी त्यांची पक्की समजूत. एकीनं सांगितलं, टाचेचं हाड वाढलंय. दुसरी म्हणाली, वजन कमी करा. ही दुसरी माझ्या दीडपट आहे, पण जाऊ द्या.

मी सौदामिनी. एका खाजगी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या नव्या मुख्याध्यापकांनी आल्या आल्या एकच सुधारणा केली, सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या उचलून सामानाच्या खोलीत टाकल्या. शिक्षक बसला की वर्ग झोपतो, हे ते आम्हाला स्वतःच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून सांगायले होते. तेव्हापासून प्रार्थनेपासून सुटीच्या घंटेपर्यंत मी उभीच. निवृत्ती तोंडावर आली आणि टाचांनी संप केला. त्यांना तरी काय बोलायचं.

सकाळ सगळ्यात वाईट. पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत दाभण घुसायचं. आधी कपाट धरायचं, मग दाराची चौकट, मग मोरीची भिंत, असं करत जायचं. चार पावलं चाललं की जरा सैल पडायचं. मग दिवसभर वर्गात उभं राहून संध्याकाळी पुन्हा तेच. घरी आले की मला कुणाशी बोलूसुद्धा वाटायचं नाही.

हाडाच्या डॉक्टरला दाखवलं. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. फोटो काढून म्हणाला, हाडाला बारीक टोक आलंय, पण दुखणं त्याचं नाही. तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजलाय. सकाळी उठायच्या आधी पलंगावरच टॉवेल चवड्यात अडकवून पाय स्वतःकडं ओढायचा. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची. आणि घरात फरशीवर अनवाणी अजिबात फिरायचं नाही, मऊ चप्पल घालायची. काही महिने लागतील, पण जाईल, म्हणाला.

टॉवेल जमला. बाटली जमली, जेव्हा आठवण राहिली तेव्हा. चप्पल कशी जमायची? माझं देवघर स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी. तिथं चप्पल घालून भाकरी थापायची म्हणजे सासूबाई फोटोतून उतरल्या असत्या. मी दारापर्यंत चप्पल घालायची, उंबऱ्यापाशी काढायची आणि जिथं सगळ्यात जास्त वेळ उभं राहायचं तिथंच अनवाणी उभी राहायची. शहाणी बाई म्हणतात ती हीच.

विटेचं सांगितलं शेजारच्या सरजाबाईनं. त्या हिमायतनगरकडच्या. जिन्यात मला कठडा धरून चढताना बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे दवाखान्याचं काम न्हाई. वीट तापवा, तिच्यावर रुईचं पान टाका अन् टाच दाबून धरा. माझ्या सासूची टाच अशीच गेली." टाचेचं दुखणं गेलं म्हणायचं होतं त्यांना. मला हसू आलं, पण आमच्याकडं टाचेला हा शेक घरोघरी देतात, माझ्या आईनंही दिला होता. करून बघायला काय जातंय, म्हणलं.

करायचं कुणी, हा प्रश्न होता. मला घरी आल्यावर गॅस पेटवायचं जिवावर यायचं. तर आमचे हे म्हणाले, "मी करतो की."

आमचे हे म्हणजे माधवराव. मूळ भोकरकडच्या खेड्यातले, सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत काढली, आता निवृत्त. साखरेचं दुखणं जुनं. गोळ्या वेळेवर घेतात आणि गोड हळूच खातात. निवृत्त झाल्यापासून माणसाला घरात काही खातं नव्हतं. पेपर वाचायचा, फिरून यायचं, टीव्हीवरच्या लोकांशी भांडायचं, झालं. आता त्यांना शेकाचं खातं मिळालं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. सकाळी फिरायला गेले की मोकळ्या प्लॉटातून रुईची पानं तोडून आणायचे, निबर नको, कोवळं नको, मधलं. बांधकामावरून एक चांगली भाजलेली वीट निवडून आणली. माझ्या शाळेची सुटी, रिक्षाला लागणारा वेळ, सगळा हिशेब लावून ते वीट तव्यावर ठेवायचे.

मी आले की वीट सांडशीनं घमेल्यात, घमेलं दिवाणापुढं. वर पान. आणि मग आधी स्वतःचा पाय. हे रोजचं होतं. खुर्चीला धरून उजवा चवडा पानावर दाबायचे, जरा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "हाव, सोसवंल एवढं हाय. ये." मी म्हणायचे, हातानं बघा की. तर म्हणायचे, हाताला काय कळतंय, पायाचं पायानंच बघावं. "तू दमून येतीस, तुला चटका बसला म्हणजे?" खरं सांगते, मला ते आवडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी पाण्याचा तांब्या आणून दिला नव्हता.

मग मी हातपाय धुवायची, साडी बदलायची, चहा टाकायची, तो घेऊन दिवाणावर यायची. तोवर वीट निवलेली असायची. छान ऊब लागायची. टाच त्या ओल्या पानावर दाबली की डोळे मिटायचे. टाचेचं दुखणं विटेनं कमी झालं की टॉवेलानं, देव जाणे. मी श्रेय विटेला द्यायची, कारण वीट आणणारा समोर बसलेला असायचा.

त्या दिवशी शाळेत संस्थेचे लोक तपासणीला आले होते. सगळा दिवस उभं राहून वर पुन्हा हसत राहावं लागलं. घरी आले आणि हातपायसुद्धा धुतले नाहीत. पर्स टाकली आणि आहे तशी दिवाणावर बसले. वीट गॅसवरून आत्ताच उतरली होती. यांनी पान टाकलं, चवडा ठेवला, थांबले. म्हणाले, "हाव, बरोबर हाय. ठेव."

मी टाच ठेवली आणि ओरडून वर ओढली. इस्तू होता नुसता. टाच लालभडक. पानाच्या कडा करपल्या होत्या, त्या मला तेव्हा दिसल्या.

"ध्यान कुठंय तुमचं?" मी म्हणाले. "माणूस जाळायचाय का?"

"मी आत्ताच ठिवला होता की." ते खरोखर गोंधळले होते. "एवढं काय न्हाई गं. हे बघ." आणि मला पटावं म्हणून त्यांनी पुन्हा चवडा विटेवर ठेवला, चांगला दाबून ठेवला, आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. पानातून वाफ निघत होती. ते हसत होते, बघ, मी सांगत होतो ना, तसे.

मी त्यांना धक्का मारूनच बाजूला केलं. खाली बसवलं आणि पाय हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी आत्ताचं कातडं पांढरं फटफटीत झालं होतं. त्याच्या शेजारी जुन्या फोडाचं कातडं सुटून लोंबत होतं आणि मधोमध एक काळपट खड्डा. त्याला वास होता. 

"हे कधीचं आहे?"

"काय?" ते वाकून बघायला लागले. मान वाकडी करून, कुणा दुसऱ्याचा पाय बघावा तसे बघत होते. मग म्हणाले, "मोज्याला डाग पडायले होते. मी म्हणलं, रुईचा चीक असंल."

माझी टाच गार पाण्यात धरायचीसुद्धा मला शुद्ध राहिली नाही. मी त्या खड्ड्याकडं बघत बसले. रोज संध्याकाळी मला चटका बसू नये म्हणून हा माणूस स्वतःचा पाय भाजून घेत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

नेहमीच्या डॉक्टरांनी पट्टी केली, साखर तपासली, कपाळावर आठ्या घातल्या. म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही, साखरेच्या माणसाचे पायच बघणारा कुणीतरी गाठा. आमची मुलगी मनस्विनी लातुरात असते. तिनं तिथल्या एका डॉक्टरणीची वेळ घेतली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत फोन केला, मुख्याध्यापक काहीतरी बोलत होते, ते पुरतं ऐकलं नाही आणि यांना घेऊन लातूरच्या गाडीत बसले.

डॉक्टरीण वयानं मनस्विनीएवढी. मुग्धा तिचं नाव. बोलायला गोड, पण सांगताना काही झाकायची नाही. तिनं जखम धुतली, सळई घालून खोली बघितली. यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवलं. कळलं की 'हो' म्हणा काका, म्हणाली. आमचे हे डोळे मिटून, मन लावून वाट बघत बसले. ती टेकवत होती, मला दिसत होतं. ते गप्पच.

"साखरेनं पायाच्या नसा मेल्यात," ती मला म्हणाली. "काकू, तुमची टाच दुखली म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात. यांचं दुखलंच नाही, म्हणून हे इतके दिवस जखमेवरून चालत राहिले. अशा पायाला शेक नाही, गरम पाणी नाही, अनवाणी एक पाऊल नाही. आता जखम हाडाच्या जवळ आलीय. हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, आणि काही वेळा तेवढ्यावर भागत नाही."

"न्हाई गेली तर?" यांनी विचारलं.

"खालून लाल मांस भरून आलं तर पाय तुमचा. त्यासाठी या चवड्यावर भार पडता कामा नये. मी एक बूट देते, त्यात पुढचा भाग अधांतरी राहतो. तो घालूनसुद्धा फक्त संडासला जायचं आणि पलंगावर यायचं."

मी विचारलं, पायाला परत जाणवायला लागेल का? ती म्हणाली, साखर नीट आवरली तर कुणाकुणाचं थोडंफार येतं, पण मी भरवसा देत नाही. मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथंच सोडलं. पूर्ण रस्ताभर मी तेच मनात घोळवत आले. दुखायला लागलं पाहिजे. पाय दुखायला लागला की वाचला.

मग ते दिवस. सकाळी उठून आधी माझी टाच, मग त्यांची पट्टी. साखर बघायची, इन्सुलिनची सुई टोचायची, भाजी वेगळी, भात मोजका. शाळा. संध्याकाळी येऊन पुन्हा पट्टी. ते दिवाणावर पाय लांब करून बसलेले, तोंड एवढंसं झालेलं. शेकाचं खातं गेलं ते गेलंच, वर फिरणंही गेलं. मी बाजार, गिरणी, दवाखाना, सगळीकडं पळत होते आणि माझ्या टाचा मला शिव्या देत होत्या. दमले होते हो मी. कुणाला सांगायचं? मनस्विनी म्हणायची, आई, मी येऊ का? तिचं लेकरू लहान. नको म्हणायचे.

आणि रोज संध्याकाळी पट्टी बांधताना मी विचारायची, "दुखतंय का?"

"न्हाई."

"थोडंसुद्धा?"

"न्हाई गं."

मग मी भांडी घासायला उठायची.

एका संध्याकाळी पट्टी गुंडाळता गुंडाळता मी विचारलं आणि ते म्हणाले, "जरा मुंग्या आल्यागत व्हायलंय."

माझा हात थांबला. "कुठं?"

"हितं. अंगठ्यापाशी."

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मनस्विनीला फोन केला. सरजाबाईंना जिन्यात गाठून सांगितलं, त्यांनी देवीला हात जोडले. त्या दिवशी मी यांच्यासाठी वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी केली, मनापासून केली, कितीतरी दिवसांनी. ओट्यापाशी उभी होते, पण टाचांकडं माझं लक्षच गेलं नाही.

पुढं मुंग्यांचं ठणकणं झालं. पट्टी सोडताना ते "हळू" म्हणायला लागले. मी चुकून कापूस जोरात दाबला तर "आई गं" म्हणाले. मला कुणी हार घातला असता तरी एवढा आनंद झाला नसता. जखमेकडं मी बघत होते, पण आता पहिल्यासारखं धास्तीनं नाही. दुखलं तर ते सांगतील, असं वाटायचं. दूधवाल्याला दार उघडायला ते उठायचे, मी रागवायचे नाही. गॅलरीत उभे राहायचे, तरी नाही. जाणवणारा पाय आहे, तो त्याचं त्याचं सांभाळील, म्हणलं.

पुढच्या वेळेला लातूरला गेलो तेव्हा मी खुशीत होते. डॉक्टरणीनं काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, यांचं दुखायला लागलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं. "बघू या," म्हणाली. "काका, डोळे मिटा. कळलं की सांगा."

यांनी डोळे मिटले. तिनं दोऱ्याचं टोक चवड्यावर टेकवलं. हे गप्प. मग एकदम "हाव." तेव्हा तिचा हात टेबलावर होता. तिनं टाचेवर टेकवलं. गप्प. बोटावर टेकवलं. गप्प. मग ती काहीच न करता हात मांडीवर ठेवून नुसती बसली. जरा वेळानं हे म्हणाले, "हाव, लागलं." कपाळाला घाम आला होता त्यांच्या. परीक्षेत पोरं अंदाजानं उत्तरं ठोकतात ना, ती मी जन्मभर बघत आले. तोच चेहरा होता.

डॉक्टरीण माझ्याकडं बघत नव्हती. तिनं पट्टी सोडली, जखम उघडली. कडा पांढऱ्या, जाड झाल्या होत्या. "चालणं झालंय," म्हणाली. मी खाली मान घातली. तिनं ते मेलेलं कातडं कात्रीनं कापून काढायला घेतलं. हे तिकडं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते आणि कात्री चालत होती.  अंगठा. जास्तीत जास्त अंगठा, असं मी मनात म्हणायले होते, त्याच्या वर नको.

मग रक्त आलं. ताजं, लाल. तिनं सळई घातली, नीट बघितलं, पुन्हा बघितलं. "हाडापर्यंत नाही गेलेली," म्हणाली. "तळाला मांस भरतंय. थोडक्यात वाचलात, काका. अंगठा राहतो."

मी भिंतीला टेकले. 

तिनं पट्टी बांधली आणि आम्ही निघताना मला म्हणाली, "काकू, या पायाकडून तुम्हाला काही कळणार नाही. जखम भरली तरी नाही. रोज डोळ्यांनी बघायचं, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. चपलेत आधी हात घालून खडा आहे का बघायचा. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही." किती दिवस, असं मी विचारलं नाही.

मनस्विनीकडं न थांबता आम्ही परतीच्या गाडीत बसलो. चाकूर गेलं तरी मी बोलले नव्हते. हे खिडकीतून सोयाबीन बघत होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"खोटं का बोललात?"

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "तू रोज इचारायचीस."

"म्हणून?"

"न्हाई म्हणलं की तू भांडे घासायला जायचीस अन् नळ सोडून रडायचीस. मला ऐकू यायचं." हात गुडघ्यावर ठेवून ते बोटांकडं बघत होते. "मला वाटलं, पाय तर गेलाच हाय. तवर तू तरी दोन घास नीट खावंस."

"अन् त्या नादात खरंच गेला असता तर? मी तुम्हाला चालू दिलं. दुखतंय म्हणून चालू दिलं."

"ते ध्यानात आलं न्हाई."

मला इतका राग आला होता की त्यांना गाडीतून ढकलावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला त्यांचं डोकं छातीशी धरावंसं वाटत होतं, भर स्टँडवर, चहावाल्यांच्या देखत. दोन्हींतलं काही केलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "इथून पुढं जे असंल ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"बरं," म्हणाले. मग गाडी सुरू झाली आणि लोहा येईपर्यंत त्यांना झोप लागली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडत होतं, मी ते पडू दिलं.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. मला आडवं व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण डॉक्टरणीचं बोलणं डोक्यात होतं. यांना दिवाणावर बसवलं, नीट उजेड पडेल असा दिवा लावला आणि खाली फरशीवर बसले. "आणा पाय," म्हणलं.

पट्टी मी आजवर स्टुलावर पाय ठेवून बांधायची. तळवा सगळा बघायचा तर पाय मांडीवरच घ्यायला हवा होता. हे लाजले. खरोखर लाजले. "बायकोच्या मांडीवर पाय कसा ठिवायचा?" म्हणाले. "आईनं बघितलं असतं तर?" मी म्हणाले, तुमच्या आईनंच सांगितलं असतं, मुकाट्यानं ठेव म्हणून. मग त्यांनी ठेवला, अर्धवट, भार न टाकता. मी ओढून नीट घेतला.

टाच बघितली, कुठं भेग नव्हती. कड बघितली. पट्टी कोरडी होती. एकेक बोट बाजूला करून बेचक्या बघितल्या, ओलसर होत्या, त्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्यानं टिपल्या. आणि हात त्यांच्या घोट्याभोवती असतानाच, इतक्या दिवसांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखतंय का?"

मला जीभ चावावीशी वाटली. ते वरून माझ्याकडं बघत होते. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, रोजचंच, आणि ते त्यांनी गिळलं.

"न्हाई," म्हणाले. "कायच कळत न्हाई. तू धरलायस ते बी दिसतंय म्हणून कळायलंय."

मी हात काढला नाही. तसाच घट्ट धरून ठेवला बराच वेळ, त्यांना दिसेल असा. मग पाय अलगद खाली ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "दुसरा द्या."